दोन मुक्कामांपुरता बर्फ

बोईसर

तंबू घेऊन बाहेर राहायला जाणाऱ्या माणसाने बर्फाची पेटी कोणती घ्यावी, यावर मी आता तासभर बोलू शकते. भिंत किती जाड हवी, झाकण कसं बसलं पाहिजे, पाणी सोडायची बुची खाली हवी की बाजूला, सगळं पाठ आहे. हे ज्ञान माझं नाही, माझ्या थोरल्या भावाचं आहे. मी बार्शीची, गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. आमच्याकडे बर्फाचा संबंध एक तर गोळेवाल्याशी, नाहीतर मयताशी. मुलगा लांबून यायचा असला की तोवर मयताखाली लादी ठेवतात, त्यामुळे कुणाच्या दारात लादी उतरली की शेजारीण पदर खोचून विचारायला येते, कोण गेलं म्हणून. बोईसरच्या बाजारात रोज सकाळी टेम्पोतून लाद्यांवर लाद्या उतरतात आणि कोणी मान वर करून बघतही नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला धस्स झालं होतं.

दादाने बोईसरच्या एका कारखान्यात आयुष्य काढलं. चिलिंग प्लांटवर फिटर होता, म्हणजे गार करणारी यंत्रं चालू ठेवायची, हे त्याचं काम. सुट्टी मिळाली की हा माणूस तंबू घेऊन बाहेर पडायचा आणि मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आले की मलाही ओढून न्यायचा. वहिनीला हे वेड कधीच मानवलं नाही. घर असताना वाळूत झोपायचं कशाला, हा तिचा प्रश्न बिनतोड होता आणि दादाने त्याला कधी उत्तर दिलं नाही.

या फाल्गुनात त्याचा फोन आला. साखरेच्या आजाराने दोन्ही मूत्रपिंडं थकली होती, हे मला माहीत होतं. आता डॉक्टरांनी तारीख दिली होती. सोमवारपासून डायलिसिस, आठवड्यातून तीनदा.

"म्हणजे यापुढे बाहेर मुक्काम नाही, नले," तो म्हणाला. "एक दिवसाआड यंत्राशी बांधलेला माणूस कुठे जाणार? तू ये. शुक्रवार, शनिवार, दोन मुक्काम. रविवारी दुपारी घरी. मग सोमवारी काय करायचं ते करू देत त्यांना."

मी बुधवारीच पोचले. वहिनीने मला स्वयंपाकघरात गाठलं. तिचे डोळे सुजलेले होते. "ताई, तुमच्या भरवशावर सोडते आहे. जरा काही वेगळं वाटलं की गाडी फिरवायची आणि सरळ घरी आणायचं. मला शब्द द्या." मी शब्द दिला. तिने दादाची फाइल आणि औषधांची चिठ्ठी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात स्वतःच्या हाताने ठेवली.

पेटी हवी होती ती दोन कारणांसाठी. एक म्हणजे इन्सुलिन. चालू बाटली आणि एक जास्तीची, दोन्ही गार राहायला हव्या होत्या आणि त्या दिवसांत बंद गाडीत हात लावला तर चटका बसत होता. दुसरं कारण मला जास्त टोचलं. दादाला दिवसाला फक्त लिटरभर पाणी होतं. त्यात तहान भागत नाही, म्हणून तो बर्फाचे खडे तोंडात धरून बसायचा. खडा हळूहळू विरघळतो, पाणी कमी जातं आणि तोंड ओलं राहतं. दिवसाचे खडे मोजलेले होते.

गुरुवारी आम्ही स्टेशनच्या बाजूची दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात चाकांची, परदेशी वाटणारी पेटी होती. दुकानदार हिंदीत म्हणाला की हिच्यात बर्फ पाच दिवस राहतो. दादाने खिशातून वर्तमानपत्राची एक पट्टी काढली, झाकणात धरली, झाकण लावलं आणि पट्टी ओढली. ती आली नाही. चारही बाजूंनी त्याने असंच केलं. फ्रीजचं दार तपासायची ही फिटर लोकांची रीत. "माल चांगला आहे," तो मला म्हणाला, "पण आपल्याला काय वऱ्हाडाला जेवण न्यायचंय?" किंमत ऐकून मीही मान डोलावली. पुढच्या दुकानात थर्माकोलचा डबा होता, मासेवाले वापरतात तसा. स्वस्त, हलका आणि खरं तर गार राखायला कुणाला न हरणारा. पण कोपरा एकदा तुटला की संपलं, आणि आमच्या गाडीत तो तुटणारच होता. तिसऱ्या दुकानात वीस लिटरची निळी पेटी मिळाली, परवडणारी. कागदाची पट्टी मात्र तीन बाजूंनी सहज सुटून आली.

"ही नको मग," मी म्हटलं.

"हीच घ्यायची. भिंत जाड आहे, बुची खाली आहे. झाकण मी बसवतो."

घरी येऊन त्याने जुन्या फ्रीजच्या दाराचं रबर कापलं, झाकणाला आतून चिकटवलं आणि वर दोन पट्टे आवळले. मग पट्टी लावून मला म्हणाला, ओढ. मी ओढली तर कागद फाटला. त्याला इतका आनंद झाला की त्याने वहिनीलाही बोलावून कागद ओढायला लावला. बोटं सुजलेली, चेहरा पिवळट, आणि डोळ्यांत कारखान्यातला जुना रुबाब. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती.

शुक्रवारी सकाळी बर्फ भरायचा होता. दादाला गर्दीत उभं राहवत नव्हतं, तो गाडीतच बसला. मी पेटी घेऊन हिरूमावशीकडे गेले. हिरूमावशी तारापूरकडची कोळीण, बोईसरच्या बाजारात बसते. दादा कित्येक वर्षं तिच्याकडूनच मासे घ्यायचा. त्याच्या आजाराचं तिला ठाऊक होतं.

"दादा समुद्रावर चाललाय? जाऊं दे, जाऊं दे," ती म्हणाली. "आन पेटी. आमी बर्फ भरतो तसा कोनी भरनार नाय."

तिने लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून मोगरीने ठेचला. चुऱ्याचा एक थर दिला, वर कशाची तरी मूठ मारली, पुन्हा थर, पुन्हा मूठ. जाडं मीठ होतं.

"मीठ कशाला, मावशी?"

"मिठाबिगर बर्फाला जोर नाय. मुंबयला पोरीकडे म्हावरा पाठवते ना, तवा असाच भरते. दगडावानी घट्ट जाते."

मला हे इतकं आवडलं की मी वहीत टिपून घेतलं. प्रवासात असल्या गोष्टी टिपायची मला सवय आहे. वर तिने घरच्या खड्यांचा बंद स्टीलचा डबा बसवला. इन्सुलिनच्या बाटल्या दादाने आधीच नीट नॅपकिनमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या डबीत घातल्या होत्या, बर्फाला थेट लागू नयेत म्हणून. ती डबी मी माझ्या हाताने चुऱ्यात बसवली. मावशीने माझ्याकडून काही घेतलं नाही. पदराला हात पुसत गाडीपर्यंत आली आणि खिडकीतून दादाच्या गालावरून हात फिरवला.

शिरगाव

किनाऱ्याला लागून सुरूचं बन आहे. तिथे गाडी लावली. तंबू मी ठोकला, दादाने खुर्चीत बसून चुका काढल्या. खुंटी तिरकी ठोक, दोरी सैल आहे, वारा कुठून येतो ते बघ आधी. मला पन्नाशी उलटून कैक वर्षं झाली, पण त्याच्या लेखी मी अजून सातवीत होते.

जवळच जुना किल्ला आहे. आत जाऊन तटावर चढायची त्याची इच्छा होती. मी नको म्हटलं. मग आम्ही बाहेरूनच, दहा पावलं चालून पाच मिनिटं थांबत, भिंतीला वळसा घातला. तिथे फांद्या फुटलेली ताडाची झाडं आहेत. ताडाला फांदी फुटते हे मी बार्शीत कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. दादा एका बुंध्याला टेकून वर बघत राहिला. "निवृत्त झाल्यावर इथे महिनाभर राहायचं ठरवलं होतं," तो म्हणाला. मी विषय बदलला. मला तेव्हा त्याला बोलू द्यायला हवं होतं.

दुपारी मी नेलेली ज्वारीची कडक भाकरी आणि बिनमिठाची भाजी खाल्ली. शेंगाची चटणी त्याला वर्ज्य होती, म्हणून मीही डबा उघडला नाही. त्याला वास आलाच. "तू खा की," म्हणाला. मी म्हटलं भूक नाही. दोघंही खोटं बोलण्यात कच्चे, असं मला त्या दिवशी तरी वाटत होतं.

सूर्य खाली गेला तेव्हा इंजेक्शनची वेळ झाली. दादाने पेटी उघडली, डबी काढली आणि समुद्राकडे तोंड करून वाळूत बसला. मूठ मिटलेली, मांडीवर ठेवलेली. बराच वेळ तो तसाच बसून होता. मला वाटलं मावळतीकडे बघतोय, मनात सोमवार असणार, त्याला एकटं राहू द्यावं. मग त्याने नेहमीसारखी सुई भरली, सदरा वर करून पोटात टोचून घेतली आणि मला म्हणाला, "चला, जेवू या."

जेवताना त्याने कारखान्यातले किस्से सांगितले. हसून हसून मला ठसका लागला. त्याच्या सगळ्या आयुष्यात मला इतकं बोललेला तो आठवत नाही.

मनोरच्या अलीकडे

शनिवारी सकाळी पालघरमधून पुढे मनोरच्या वाटेला लागलो. पालघरात दादाने औषधाच्या दुकानापाशी गाडी थांबवायला सांगितली. मी उतरू लागले तर म्हणाला, बस तू, पायाला चिकटपट्टी घेतो. पाच मिनिटांनी आला, हातात चिकटपट्टी होती. पुढे नाक्यावर डावीकडे बोईसरचा रस्ता जातो. आम्ही सरळ गेलो.

सूर्या नदीच्या काठाला देवजीचं घर आहे. देवजी वारली समाजाचा, डोंगराच्या उतारावर त्याचं पावसावरचं भाताचं लहानसं शेत. पूर्वी तो कारखान्यात ठेकेदाराकडे हंगामी कामाला यायचा आणि दादाच्या हाताखाली असायचा. एरवी या दिवसांत तो कुटुंबासह वीटभट्टीवर असतो.

"या साली नाय गेलो," त्याने सांगितलं. "आई पडून हाय. तिला टाकून कसा जाऊ? सायेब, तुमी आलात, बरा झाला. पन तुमी लय वालले."

"वाळलो नाही, पाणी सोडलंय," दादा म्हणाला. देवजीला हसावं की नाही ते कळेना.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी तांब्या पुढे येतो. देवजीच्या बायकोनेही तेच केलं. दादाने तांब्या दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि तसाच परत दिला. ती गोंधळली. मी समजावून सांगितल्यावर तिने तो तांब्या आत नेला आणि आम्ही असेपर्यंत आमच्यासमोर कोणी पाणी प्यायलं नाही. मी कुणाला तसं सांगितलेलं नव्हतं.

पेटीतला बर्फ अर्धा वितळला होता. मी मनोरच्या बाजारात जाऊन नवा आणला. आले तर दादा बुची उघडून पाणी बादलीत सोडत होता. अंगणात वांग्याची चार रोपं होती, मी म्हटलं, त्यांना घाल. तो नको म्हणाला. ती बादली उचलून, धापा टाकत, पार नदीकाठच्या खडकापर्यंत गेला आणि तिथे ओतून आला. मी चिडले. एवढी ताकद आहे का अंगात, म्हणून ओरडले. तो नुसता हसला.

दुपारी त्याने खड्यांसाठी हात पुढे केला. दिवसाचे खडे सकाळीच संपले होते. मी नाही म्हटलं. तासाभराने पुन्हा मागितला. ऊन मी म्हणत होतं, पळस पेटलेला, वाऱ्याला मोहाच्या फुलांचा वास. मला वाटलं, उन्हाने होतंय. दोन खडे दिले. मग तो झोपला, उठला, पुन्हा झोपला. वहिनीला दिलेला शब्द आठवला. "दादा, बरं वाटत नसेल तर निघू या," मी म्हटलं.

"ऊन आहे ग. संध्याकाळी बघ कसा होतो ते."

आणि संध्याकाळी तो खरंच उठला. देवजीच्या बायकोने नागलीच्या भाकऱ्या थापल्या, दादाने चुलीपाशी बसून तव्यावर फिरवल्या. देवजीच्या आईच्या खाटेपाशी जाऊन तिचा हात धरून बसला. इंजेक्शनची वेळ झाली तशी मला दाखवून सुई भरली, मला दाखवून टोचून घेतली. मी वहीत वेळ लिहिली. तंबू नदीकाठी होता. आत जाताना तो म्हणाला, "नले, दुसरा मुक्काम झाला."

पालघर

रविवारी सकाळी त्याला उभं राहता येईना. श्वास जोरात चालला होता, जीभ कोरडी, बोलणं जड. देवजीने त्याला पाठीवर घेऊन गाडीत ठेवलं. बोईसर लांब होतं, मी पालघरच्या एका दवाखान्यात नेलं. साखर मोजली तेव्हा नर्सने यंत्र पुन्हा लावून पाहिलं. सोमवारचं डायलिसिस रविवारी दुपारीच सुरू झालं.

तरुण डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं की इन्सुलिन चुकलं का. मी वही पुढे केली. शुक्रवार संध्याकाळ, शनिवार सकाळ, शनिवार संध्याकाळ, वेळेसकट. त्यांनी बाटली मागितली. ती खिडकीकडे धरून हलवली. आत फाटलेल्या दुधासारखे कण फिरत होते. "हे गोठून खराब झालंय," त्या म्हणाल्या. "याचा काही उपयोग नाही."

"बर्फाला लागलं नव्हतं हो," मी म्हटलं. "डबीत होतं, नॅपकिनमध्ये."

दुसऱ्या दिवशी दादा शुद्धीवर आला, बोलण्याइतका झाला. वहिनी चहाला खाली गेली होती. मी त्याला तेच सांगायला लागले, डबी, नॅपकिन. त्याने मला थांबवलं.

"मीठ होतं ग त्यात. मीठ घातलं की बर्फ नुसत्या बर्फापेक्षा कितीतरी गार होतो. जन्मभर तेच केलं मी. डबीवरचं पाणी बोटाला लागलं, चाखलं, कळलं."

"कधी?"

"पहिल्याच संध्याकाळी. मुठीत धरून वितळवली बाटली. कण दिसले."

वाळूत बसलेला, समुद्राकडे तोंड केलेला तो मला दिसला. मीठ पडताना मी पाहिलं होतं. वहीत कौतुकाने लिहिलंही होतं. तो तिथे नव्हता, गाडीत बसला होता. पेटीपाशी मी होते. मी तिथेच रडायला लागले.

"म्हणून तर बोललो नाही," तो म्हणाला. "हिरूमावशीलाही सांगू नकोस. विचारलं तर म्हण, टिकला बर्फ."

"आणि ते टोचून घेत होतास ते?"

"तू वहीत लिहिणार होतीस ना."

"दुकानात का नाही घेतलं? पालघरात थांबलो होतो की."

"चिठ्ठी मागितली त्याने. चिठ्ठी तुझ्या पर्समध्ये."

"मग माझ्याकडे मागायचीस."

दादाने छताकडे बघितलं. "मागितली असती तर गाडी कुठल्या रस्त्याला लागली असती, नले?"

आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

पुढे तो चार महिने जगला. वहिनीला मिठाचं अजून माहीत नाही. तिला एवढंच माहीत आहे की शब्द मी दिला होता आणि गाडी मी फिरवली नाही. ती माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. आषाढात त्याच्या दिवसांना गेले तेव्हा हिरूमावशी भेटायला आली होती. बर्फ टिकला होता का ग, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं.

त्या दोन दिवसांनी काही फरक पडला का, हे मी डॉक्टरीणबाईंना तीनदा विचारलं. दोनदा त्यांनी नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी नुसता माझा हात हातात घेतला.

लोक मला म्हणतात, निदान त्याच्या मनासारखं झालं. झालं, मी पाहिलं आहे. तरीही रोज, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, मी मनात पालघरच्या त्या नाक्यावर येते. त्याने चिठ्ठी मागितलेली असते, मी दिलेली असते. आणि दर वेळी मी गाडी डावीकडे, बोईसरकडेच वळवते. शेजारी बसलेला दादा माझ्याशी एक शब्दही बोलत नाही.